नेरूळचा ळ

रात्री साडेदहाला भांडी पालथी घातली
की मी परीक्षक.
प्रश्न मला कळत नाही, अक्षराला अक्षर जोडून वाचते.
खाली चार उत्तरं, ए बी सी डी.
खरं उत्तर पानाच्या तळाशी,
ते मी अंगठ्याखाली दाबून धरते.
भाविका म्हणते, "आये, माझ्या नेव्हिगेशनला
सुकटीचा वास येतो."
येऊ दे.

बारावी तिची कॉमर्सची.
विमानाला फिजिक्स लागतं
हे आमच्या गावठाणात कुणाला ठाऊक होतं?
मग तेविसाव्या वर्षी मुक्त विद्यालयाचा फॉर्म भरला,
वाशीच्या केंद्रावर पुन्हा बारावीला बसली.
बाजूच्या पोरानं विचारलं, ताई, तुम्ही सुपरवायझर का?

मग डॉक्टर. कान, छाती, दात, लघवी,
रंगीत ठिपक्यांत लपवलेला आकडा.
"बारा होता," घरी येऊन म्हणाली.
हे म्हणाले, "आणि आपले साडेबारा."

साडेबारा टक्क्यांचा प्लॉट.
सासऱ्यांची खाचरं घेतली, त्याच्या बदल्यात
सिडकोनं द्यायला तेवीस वर्षं लावली,
यांनी एका दुपारी विकला.
सही करताना पेन अडलं नाही.
रात्री ताटात भात मात्र उरला.

दोनशे तास उडायचे असतात म्हणे.
एका तासाचे पैसे मी टोपल्यांत मोजून पाहिले:
सात टोपल्या सुकट,
तेही हवा कोरडी असेल तर.

हवेतच तिचे दोन मार्क गेले.
नेव्हिगेशन सुटलं, रेग्युलेशन सुटलं,
हवामानात अडुसष्ट. सत्तर लागतात.
तीन दिवस पुस्तक टीव्हीवर पालथं.
चौथ्या रात्री मीच उघडलं.
"दवबिंदू म्हणजे काय गो?"
भिंतीकडे तोंड करूनच बोलली,
हवा थंड होत होत जिथं पाणी सोडायला लागते, ते तापमान.
मी म्हटलं, ज्या पहाटे गच्चीवरचा बोंबील
हाताला चिकटतो,
त्या सकाळी पामबीचवर गाड्या दिवे लावून जातात.
माझ्या सासूला माहीत होतं हे.
तिच्याकडे कुणी सत्तर मागितले नाहीत.
ती उठून बसली, रागानंच.
"असं उत्तर ऑप्शनमध्ये नसतं, आये."

मला आवडते ती रेडिओची परीक्षा.
एकेका अक्षराला एक अख्खा शब्द,
खरखरीत हरवू नये म्हणून.
अल्फा, ब्राव्हो, चार्ली, माझे तिच्याआधी पाठ झाले.
उधारीच्या वहीत आता शेवंता सिएरा,
खानावळवाला शेट्टीही सिएरा,
दोघांचे पैसे एकमेकांत जातात.
माइक अल्फा डेल्टा हॉटेल अल्फा व्हिक्टर इंडिया,
हे आमचं मढवी.
सातबाऱ्यावर कधी एवढं लांब नव्हतं.

काल म्हणाली, आता गाव सांग.
नोव्हेंबर, एको, रोमिओ, युनिफॉर्म...
मी अडले.
"लिमा, आये."
लिमा तर ल चा. ळ ला काय?
"ळ नाही रेडिओत."
मग वरून कुणाला नेरूळ सांगायचं झालं तर?
माझं नाव मंजुळा, ते कसं सांगणार?
"कशाला सांगू तुझं नाव," म्हणाली,
आणि उशीखाली ते गोल फिरणारं गणिताचं चाक सारून
झोपली.
पुढची तारीख अजून लागलेली नाही.

पहाटे चारला गच्चीवर गेले.
बोंबलाला हात लावला. कोरडा.
खाडीपलीकडे धावपट्टीचे दिवे एकेक मोजता येत होते.
जीभ मागे वळवून, टाळूला लावून,
मी एकटीनंच ळ म्हणून पाहिला.
खरखर नव्हती.