जागा शिल्लक नाही

लाल पट्टी सकाळपासून तेच सांगतेय.
पंधरा जीबी भरले, जागा शिल्लक नाही.
कन्नमवार नगरात हे वाक्य नवीन नाही,
फक्त आता ते स्क्रीनवर आलंय, आणि सेक्रेटरी मी.

महिन्याला एकशेतीस रुपये भरले तर जागा वाढते.
ठराव मांडला. चेऊलकर म्हणाले, आधी बघा
काय काय टाकून देता येतंय.
म्हणून बसलोय चष्मा पुसत.
टाकी धुतल्याचे व्हिडिओ, चार वर्षांचे, एकाच टाकीचे.
जिन्यातला पडका गिलावा, सात कोनांतून.
पंपाची घरघर, मेकॅनिकला ऐकवायला धरून ठेवलेली.
कुणाच्या तरी बारशाचे नव्वद फोटो,
सोसायटीच्या खात्यावर का, देव जाणे.
ते मूल आता शाळेत जातं, जिन्यात मला वाट देत नाही.
पुसता पुसता राहू दिले.

शोधतोय ते वेगळंच.
विशेष सर्वसाधारण सभा, ऑनलाइन, एकवीस सालच्या जूनमधली,
जिच्यात बिल्डरच्या माणसाने
पाचशे पंच्याऐंशी फूट कबूल केले.
आता म्हणतो पाचशे दहा.
म्हणतो, कुठे म्हणालो ते दाखवा.

इतिवृत्त आहे, माझ्याच हातचं.
वकीलबाई म्हणाल्या, अक्षर सुंदर आहे. फाइल आणा.

मेल सापडलं. रेकॉर्डिंग तयार आहे.
लिंकवर बोट ठेवलं तर दार बंद, परवानगी मागा.
सभा बोलावली होती पिंगुळकरांच्या भाच्याने
स्वतःच्या खात्यावरून,
आणि जो बोलावतो त्याच्याच कपाटात ती जाते
हे आम्हाला कोण सांगणार.
भाचा शारजात. अकरा दिवसांनी उत्तर:
काका, कचरापेटीत होती. मीही जागाच करत होतो.
उद्या तिसावा दिवस होता.

एक तास बावीस मिनिटं.
कार्यालयात खुर्च्या मांडल्या, टीव्हीला वायर जोडली.
अडतिसाव्या मिनिटाला तो आला, टाय लावून.
ओठ हलतात.
आवाज नाही.
वायर काढून घातली. मोबाइलवर लावून पाहिलं.
त्याच्या चौकटीच्या कोपऱ्यात माईक, लाल, तिरक्या रेघेने खोडलेला,
चार मिनिटं सतरा सेकंद.
आणि भोवती आम्ही, तेवीस चौकटी,
माना डोलवणारे.

मग एकेकाला आठवलं.
प्रत्येकाला वाटलं होतं, आवाज आपल्याच घरी येत नाही.
विचारणार कसं? मागच्या सभेत आपणच अर्धा तास
ऐकू येतंय का, ऐकू येतंय का केलं होतं.
मी तर तेवढ्यात राउटर बंद-चालू करत होतो.
आकडा घेतला त्याच्या आदल्या दिवशीच्या
बिनसहीच्या कागदावरून.
सर्वानुमते.

मंदाताई खडपेकर शेवटच्या खुर्चीत.
अठ्ठावीस वर्षं पॉवर प्रेसच्या खात्यात,
कान तिथेच राहिले.
तिथे सगळे ओठांवरच बोलायचे.
म्हणाल्या, परत लावा.
दोनदा पाहिलं. मग, स्वतःच्या आवाजाचा अंदाज नसल्याने
जरा मोठ्यानेच:
"जेवण मागवतोय. दोन थाळ्या, एक बिनकांद्याची.
मग कुणाला तरी म्हणतो, ह्यांचं काय, बघू."

चेऊलकर हसले, मग एकटेच हसतोय हे कळून थांबले.

"मी तेव्हाच लिहिलं होतं," मंदाताई म्हणाल्या.

भाच्याने पाठवलेल्या फोल्डरात, व्हिडिओच्या शेजारी,
मी न उघडलेली एक फाइल. चॅट.
नमस्कार. नमस्कार. आवाज घुमतोय. नमस्कार.
आणि सात वाजून एकोणचाळीस मिनिटांनी:
सेक्रेटरीसाहेब, हा माणूस आपल्याशी बोलत नाहीए.

एक केबी.

वकीलबाईंना काय सांगायचं ते उद्या.
टाकीचे व्हिडिओ पुसले, पट्टी तरी लालच राहिली.
एकशेतीस रुपयांचा ठराव पुन्हा घेतला,
ह्या वेळी नाव पुकारून, तोंडाने हो म्हणा.
मंदाताईंपाशी आलो तेव्हा
समोर उभा राहिलो, ओठ नीट उघडत,
एकेक अक्षर सोडवून.

त्या म्हणाल्या, ओरडू नका.