बाठा

चैत्रात पहिली परीक्षा सहकारनगरला,
कुंदा आठल्यांच्या हॉलमध्ये.
गौर झोपाळ्यावर, तिच्यापुढे कलिंगडाचं कमळ,
आणि माझ्या हातात न मागता आलेली
आंब्याच्या डाळीची वाटी.
"डाळच तर आहे, डाळीने काय होतंय?"
होतं, कुंदाताई.
तीस वर्षं लक्ष्मी रोडवर साड्यांच्या दुकानात
खतावण्या लिहिल्या मी,
आता घरी खाण्याची लिहिते:
वाटीभर डाळ, वीस.
पेलाभर पन्हं, पंचवीस.
एक "एवढंसं घ्या हो", मोजता येत नाही.

पर्समध्ये पेढ्यांचा जुना डबा,
त्यात पनीरचे सहा तुकडे, वर जिरेपूड.
झाकणावर अजून लिहिलेलं आहे: शुद्ध खव्याचे.
तो मी मांडीवर उघडते, पदराखाली,
शाळेत मधल्या सुट्टीआधी उघडायचो तसा.
बायका बघतात. कौतुकाने,
जराशा दुष्टपणानेही म्हणतात,
"तुझं बाई मन घट्ट."
मन कसलं, ब्लाउज घट्ट होता.
आणि रिपोर्टवर आठ पॉइंट चार.

ओटीत भिजवलेले हरभरे मात्र घेतले.
ते चालतात की नाही, हा वाद
माझ्यात आणि डाएटवाल्या पेठेबाईंत
अजून मिटलेला नाही.

वैशाखात मार्केट यार्डाजवळ आंबा महोत्सव.
मांडवावर पत्रा, पत्र्यावर एक्केचाळीस अंश,
आत पेंढ्याचा, खोक्यांचा, पिकत्या सालींचा वास,
जो नाकाआधी गुडघ्यांना कळतो.
स्टॉलगणिक सुरी, सुरीवर फोड,
फोडीमागे हसरा माणूस: "खाऊन तर बघा!"
फुकटच्या फोडीला नाही म्हणणारी बाई
पुण्यात त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असावी,
म्हणून देवगडचे मिठबांवकर थबकले.
"शुगर?"
विचारलं असं, जसं कुणी गाव विचारावं.
मी मान हलवली.
"माझी पण. बारा वर्षं झाली."
मग एकेक आंबा उचलून देठाशी नाक नेत,
डोळे मिटून सांगू लागले,
"हा परवा दुपारी.
हा उद्या.
ह्याला आज रात्रीचीसुद्धा घाई आहे."
बारा वर्षं हा माणूस
चव न घेता चवीची तारीख देतो आहे.
मी डझनभर घेतले.
भाव केला नाही,
हे घरी कुणाला सांगितलेलं नाही.

अक्षय्य तृतीयेला आईचं पान वाढलं.
तिच्या शेवटच्या चार उन्हाळ्यांत
तिला आंबा मिळू दिला नाही तो मीच.
उजव्या पायाची दोन बोटं गेली होती,
आणि किल्ली माझ्या कमरेला.
एकदा शेजारच्या पोराकडून
चोखून झालेला बाठा मागून घेतला होता तिने,
गॅलरीत, भिंतीकडे तोंड करून.
मी हातातून ओढून घेतला.
बोलली नाही काही. बोटं पदराला पुसली.
त्या लुगड्याची आता पिशवी आहे, भाजीची.
डाग आहे तिथेच.

आज रस हाताने काढला, गाळला नाही,
तिला गाठी आवडायच्या.
वाटी काठोकाठ, वर तुपाची धार.
घे, म्हटलं, आता तुला कोण मोजणार?
पुऱ्या बाकीच्यांना.
मला काकडी, पडवळ, माठातलं ताक,
आणि समोर पुतण्याचं तिसऱ्यांदा पुसलेलं ताट.

दुपारी सगळे पंख्याखाली आडवे झाले,
तेव्हा पातेलं घासायला घेतलं.
तळाशी बारा बाठे.
अकरा टाकले.

वहीत त्या तारखेला काकडी लिहिली आहे,
पडवळ लिहिलं आहे, ताक, मीठ चवीपुरतं.
त्यापुढे अक्षर नाही,
एक बोटाचा ठसा आहे, पिवळा.