अडीच पळे

वाचनालयाच्या मागच्या खोलीतून गोदावरी दिसत नाही,
भिंतीवर पुराची रेघ तेवढी दिसते.
तिथे मी एक शब्द शोधत बसते: मिनिट.
कोशाचं काम. एका चिठ्ठीचे अकरा रुपये.
कुठे सापडला, कधी, कोणाच्या तोंडी, एवढंच लिहायचं.

जानोरकर गठ्ठा आणून आपटतात, धूळ खोकतात,
'एक मिनिट हं, बाई,' म्हणतात
आणि चहाला जातात ते भद्रकालीपर्यंत.
ही नोंद मी करत नाही.

सगळ्यात जुना सापडला तो
एका साप्ताहिकाच्या कोपऱ्यात, तारीख कसरीने खाल्लेली:
'एक "मिनिट" ह्मणजे आपलीं अडीच पळें.'
दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं.
परगावचा माणूस वहाणा हातात घेऊन
ओसरीखाली उभा असावा तसा.
संपादकांनी त्याला आत बोलावलेलं नाही,
जा असंही म्हटलेलं नाही.

मग काही वर्षं नुसती श्राद्धं, लिलाव, कॉलऱ्याचे आकडे.
आणि अचानक: 'मेल नाशिकरोडास अकरा मिनिटें उभी होती.'
चिन्हं गेली.
ट-वर मात्रा, मात्रेवर टिंब.
कोणी पेढे वाटले नाहीत,
पण त्या अंकात तो घरचा झाला.

लगेच एका 'पंचवटीकरा'चं रागावलेलं पत्र:
घटका-पळें काय गोदेंत बुडालीं?
स्वभाषेचा अभिमान कोठें गेला?
वाचकांनीं याचा मिनिटभर तरी विचार करावा.
(मी हसले तेव्हा पलीकडच्या टेबलावर
स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा दचकला.)

पुढे तो सगळीकडेच.
सराफबाजारातल्या जाहिरातीत मिनिटकाटा होऊन,
आणि पुराच्या बातमीत,
'पाणी नारोशंकराच्या पायऱ्यांशीं
मिनिटास बोटभर चढत होतें.'
ते बोट कुणाचं होतं, बातमीदाराचं की नावाड्याचं,
ते छापलेलं नाही.

दुपारी तीनच्या सुमारास,
ओल लागून पुठ्ठ्यासारखं झालेलं एक स्त्रियांचं मासिक.
आवळ्याचा मुरंबा.
'पाक उतरून दोन मिनिटें झांकून ठेवावा.
ज्या भगिनीचे घरीं घड्याळ नाहीं
तिनें विहिरीचे दोन पोहरे पाणी काढावें,
तेवढ्यांत होतें.'
खाली सही: सौ. गो., नाशिक.

पंचांग उघडून अडीच पळं मोजणारे ते.
ही दोराने मोजते.
पोहरा सोडला, बुडाला, भरला,
तळहात घासत वर आला: एक.

किती खोल होती, गो.बाई, तुमची विहीर?
नदीकाठची असेल तर दहा हात,
जुन्या गावठाणातली असेल तर
तुमचं मिनिट माझ्यापेक्षा केवढं तरी मोठं.
आणि वैशाखात, पाणी तळाला गेल्यावर,
ते आणखी लांबत असणार.
दोर पुरत नसेल तर शेजारणीचा जोडून.
तेव्हाचा मुरंबा जरा जास्त मुरलेला.

चिठ्ठीवर 'अर्थ' असा एक रकाना आहे,
दोन बोटं रुंद.
सकाळपासूनच्या एकोणीस चिठ्ठ्यांवर
मी न थांबता लिहिलं: साठ सेकंद.
विसाव्या चिठ्ठीवर पेन टेकवून बसले,
शाईचा ठिपका पसरेपर्यंत.

जानोरकर परत येतात, ओठांवर चहा,
किल्ल्यांचा जुडगा वाजवत.
'पाच मिनिटांत बंद करतो हं.'

'कोणत्या महिन्यातली?' मी विचारते.

ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतात.