लिफ्ट चालू असताना

मार्चपासून आम्ही जिने चढत होतो,
लिफ्ट चालू असताना.
ऐरोली, सेक्टर आठ, चौदा मजले,
पाठीवर सॅक, सॅकमध्ये दहा किलो कोलम.
पाचव्यावरच्या कुट्टीकाकू दार उघडून विचारायच्या,
पुन्हा बिघडली का?
आई म्हणायची, नाही हो, आम्हीच.

बाबा सातव्यावर थांबत.
रबाळ्याच्या रंगाच्या कारखान्यात एकतीस वर्षं.
छातीत नेमकी कुठली छटा साचलीय
ते एक्स-रेला काळ्यापांढऱ्यात सांगता आलं नाही.
डॉक्टर म्हणाले, उंचीवर जपा.
बाबा म्हणाले, बघू.
याच एका शब्दावर त्यांनी घराचे हप्ते फेडले होते.

लडाखात चौथ्या दिवशी, खिंडीच्या पायथ्याशी,
बोटावरच्या चिमट्याने अठ्ठ्याहत्तर दाखवले.
घोडेवाला नवांग म्हणाला, हे इथेच राहतील,
गोंपाच्या स्वयंपाकघरात, चुलीजवळ.
बाबा भांडले नाहीत.
तेच मला खिंडीपर्यंत टोचत राहिलं.

वर आम्ही गेलो. फोटो आहेत.
सम्यक दगडावर चढून नेटवर्क शोधतोय,
आई बुटातला खडा काढतेय.

परतलो तर बाबा खारट चहाच्या तिसऱ्या पेल्यावर,
एका म्हाताऱ्या लामांसोबत वाटाणे सोलत.
दोघांत भाषा नाही.
बाबांनी त्यांना त्रिशरण म्हणून दाखवलं होतं,
दिघ्याच्या विहारात म्हणतात त्याच चालीत,
पत्र्याखालच्या पंख्यावर आवाज चढवून.
मग लामांनी त्यांचं काहीतरी म्हटलं,
रिकाम्या पिंपात तोंड घालून बोलावं तसं.
"शब्द एक कळला नाही," बाबा म्हणाले,
"पण श्वास दोघांनी एकाच जागी घेतला."

निघताना लामांनी पताका दिल्या.
बाबांनी कापड बोटांत चोळलं,
हळूच मला म्हणाले, लाल टिकणार नाही.

आता त्या बाल्कनीच्या ग्रिलला आहेत.
दुपारी खाडीचा वारा,
रात्री कंपन्या सोडतात तो वास,
दोन्ही त्यांच्यातूनच घरात येतात.
परवा लाल उतरला,
आईच्या पौर्णिमेच्या पांढऱ्या साडीवर.
आई तणतणत साबण शोधत होती.
बाबा तो डाग उजेडात धरून
बराच वेळ बघत होते,
जुन्या सहकाऱ्याची सही ओळखावी तसे.

पहाटे दार हळूच ओढल्याचा आवाज येतो.
तांदूळ केव्हाच डब्यात परतलेत, सॅक रिकामी आहे,
तरी ती घेऊन जातात.
पाचव्यावर कुट्टीकाकू विचारतात,
पुन्हा बिघडली का?
उत्तर मला ऐकू येत नाही.