बर्फ माझ्याकडे होता

एप्रिलमध्ये, म्हापशात, कॉलेजच्या सभागृहात
आम्ही रशियन ऑपेरेटा केली.
ऑपेरेटा म्हणजे काय, असं शिपाई गोपीनं विचारलं
तर पेटीवरचे वेरेकर मास्तर म्हणाले,
संगीत नाटकच रे,
फक्त पदं लवकर संपतात.

गोष्ट एवढीच, की एका गावातला कोळसा संपतो
आणि कचेरीतून हुकूम निघतो: हिवाळा रद्द.
मग गाव कोट घालूनच हिंडतं,
पण विचारलं तर म्हणतं, हा कोट नव्हे,
सदरा आहे, जरा जाड.

कुतिन्य सर दात उपटायला शिकायला
ऐंशी सालच्या सुमारास तिकडे गेले होते.
येताना डिग्री आणली, आणि ही वही.
दोन्हींना कसर लागली होती.
मास्तर आणि ते रात्री उशिरापर्यंत भांडत, मराठी करत.

   थंडी नाही, थंडी नाही, थंडी झाली रद्द!
   कुडकुडेल जो, त्याला दाखवा गावाची या हद्द!

कोट मिळाले तारवटींच्या घरांतून,
शिवोली, हळदोणे, एक पार नास्नोड्याहून,
रॉटरडॅमचे, हॅम्बुर्गचे,
डांबरगोळ्यांच्या वासाचे.
ते घालून आमची मुलं घामानं निथळत
थंडी वाजल्याचं सोंग करायची
आणि त्यावर, थंडी वाजत नसल्याचं.
ज्योएलनं एकदा कपाळ पुसलं, तर सर म्हणाले,
पूस, पण चोरून पूस.

मला गाता येत नव्हतं.
म्हणून बर्फ माझ्याकडे होता.
लायब्ररीमागची सावर नेमकी तेव्हाच फुटलेली,
दोन गोणी कापूस वेचला,
आणि रंगमंचावरच्या फळीवर पोटावर पडून
मी खाली बघत राहिले:
सगळ्यांचे भांग, मास्तरांचं टक्कल,
राज्यपालाच्या मिशीचं सुटत चाललेलं टोक.

सरांना विचारलं होतं, खरा बर्फ पडतो तेव्हा आवाज कसा होतो?
बराच वेळ गप्प राहिले.
मग म्हणाले, होत नाही.
सकाळी दार उघडत नाही, तेव्हा कळतं.

मध्यंतरात सत्कार.
प्रमुख पाहुणे कुठल्याशा खात्याचे संचालक.
सूत्रसंचालन करताना श्रद्धा घसा खाकरत म्हणाली,
शाल आणि श्रीफळ देऊन.
अडतीस अंश तापमानात
त्यांच्या खांद्यांवर लोकरीची शाल चढली
आणि माझ्या कोपराखाली गोणीची शिवण उसवली.

हळूच.
आधी एक पीस, नारळाच्या शेंडीवर.
मग शालीवर, मग केसांत, चष्म्यावर.
मी दोन्ही हातांनी भोक दाबून धरलं होतं,
देवाशपथ धरलं होतं.
त्यांनी वर पाहिलं नाही.
खांदा झटकला, माइककडे वाकले आणि म्हणाले,
काही नाही, काही नाही, चालू द्या.

हे वाक्य वहीत होतं.
दुसऱ्या अंकात, राज्यपालाच्या तोंडी,
शब्दन् शब्द.
सभागृह आधी गप्प झालं.
मग मागच्या रांगेतून कोणीतरी गुणगुणलं, थंडी नाही,
आणि वेरेकर मास्तरांचा हात
आपसूक सुरावर गेला.

प्राचार्यांनी नंतर बोलावलं. ते राहू दे.

सोमवारी मी कोट परत करायला हळदोण्याला गेले.
फिलू आंटीनं बाल्कांवात उभ्यानंच
कायतानचा कोट घेतला आणि झटकला.
कॉलरमधला, खिशातला उरलेला कापूस
उन्हात तरंगत राहिला, पडेचना.
मी सॉरी म्हणाले.
ती म्हणाली, असू दे गो,
त्यानं लिहिलेलं, असंच असतं म्हणून.

काखेतले घामाचे डाग बघून मात्र
ती खूप रागावली.