वरचा बाण

परभणी, वसमत रोड. बँकेच्या तिसऱ्या मजल्यावर
सहा खुर्च्या आणि एक कूलर,
त्यात पाणी भरायच्या पाळ्या लावलेल्या.
आम्ही सगळे चाळिशी ओलांडलेले,
लिनक्सवर वीस वीस वर्षं काढलेले,
रात्री दोनला फोन आला तर
दिवा न लावता पासवर्ड टाकणारे.

नांदेडची बँक आमच्यात विलीन झाली तेव्हा
ठेवींसोबत, थकबाकीसोबत, दोन शिपायांसोबत
सोलारिसचं एक यंत्रही आलं,
कपाटाएवढं, सतरा वर्षं न झोपलेलं.
सरावासाठी त्याचं धाकटं भावंड आलं,
आणि दोघांचं दुखणंखुपणं ठाऊक असलेले
दस्तगीर इनामदार. सहा महिन्यांनी निवृत्त होणारे.

पहिल्या दिवशी म्हणाले,
"तुम्हाला येतंय ना सगळं?
तीच तर अडचण आहे."

आम्ही हसलो. मग हात लावला.

वरचा बाण दाबला की मागची आज्ञा यायची,
इथं नुसती कंसांची खरकटी सांडली.
खोडायला गेलो तर
खोडणंच उमटलं पडद्यावर.
ओळखीची फाइल घरी नव्हती,
नावाआधी एक अक्षर लावून
त्याच गल्लीत वेगळी राहत होती.
संगीता पोहेकर म्हणाली, माझ्या सासऱ्यांची जुनी बुलेट अशीच.
गिअर उजव्या पायाला. ज्याला गाडी येते
तोच पडतो.

मी यंत्राला नाव विचारलं.
रोज विचारतो तसंच, होस्टनेम डॅश एफ.
ते काही बोललं नाही.
नंतर कळलं, माझा प्रश्नच त्यानं
नाव म्हणून लावून घेतला होता.
दुपारच्या चहापर्यंत ते यंत्र
'डॅश एफ' या नावानं नांदत होतं,
आणि कुणी हाक मारली तर ओ देत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुधाटे.
एक प्रोग्राम अडकलेला, तेवढाच उठवायचा.
वैजनाथ दुधाटे म्हणजे आमच्यातला सगळ्यात जुना,
त्यानं किलऑल लिहिलं, पुढं त्याचं नाव लिहिलं,
आणि खिडकीबाहेर बघतच एंटर मारला.
आमच्याकडं हा शब्द
नाव घेतलं त्यालाच उठवतो.
तिकडं तो शब्दाला जागतो.
सगळे म्हणजे सगळे.

पंखे फिरत राहिले. पडदा विझला.
सर शेजारीच उभे होते,
त्यांना दिसत होतं. अडवलं नाही.

कप खिडकीत ठेवून म्हणाले,
"आमचे दादा मानवतला अडतीवर मुनीम.
हाली जाऊन कळदार आला तेव्हाचं सांगायचे.
शब्द तोच, रुपया. आकडे तेच.
शंभर कळदारला हाली एकशे सोळा लागायचे.
चुकले कोण? जुने. दादासुद्धा.
नवं पोरगं चुकत नव्हतं,
दर वेळी विचारायचं, काका, कोणता रुपया?"

दुधाटे काही बोलला नाही.
कूलरची पाळी त्याची नव्हती, तरी जाऊन पाणी भरून आला.

पुढं आम्ही हळू झालो.
एंटरआधी बोट हवेत थांबायचं,
मग खाली यायचं.
पोहेकरबाई तर प्रत्येक आज्ञा
आधी ओठांनी वाचायच्या.

शनिवारी सर म्हणाले, आता उलट. तुमचं मला शिकवा.
आमच्या यंत्रासमोर बसले, चष्मा कपाळावर.
एक लांबलचक आज्ञा लिहिली, अख्खी दीड ओळ,
आणि एका अक्षरानं चुकली.
कुरकुर न करता
पहिल्यापासून पुन्हा लिहू लागले.
इतकी वर्षं असंच लिहीत आलेले.

दुधाटे वाकून म्हणाला, "सर, वरचा बाण."

दाबला. ओळ परत आली.
"चुकीसकट येते होय?"
"हो सर. तेवढंच अक्षर दुरुस्त करायचं."

त्यांनी दुरुस्त केलं नाही.
पुन्हा बाण दाबला, तर त्याआधीची आली.
मग त्याच्याही आधीची.
खाली रिकामे ट्रक वसमतकडं चाललेले,
साडेपाच वाजून गेलेले,
सर एकेक ओळ मागं चालले होते.

आम्हीही अडवलं नाही.