पातळी

पंचेचाळीस.
पुलाखाली हा आकडा धोक्याचा.
मी सेकंद मोजते.
वही त्यांचीच, पाटबंधारे खात्याची,
पावसाळाभर आयर्विन पुलाचं पाणी जिच्यात उतरतं:
वेळ, फूट, इंच, शेरा.

दोन वाजून दहा. घोरणं थांबलं.
मोबाईलचा उजेड चादरीखाली धरून मी बसते.
नदी कधी एकाच फुटावर अडून राहते,
चढत नाही, उतरत नाही,
तसं सगळं घर.
मग मोरीत तुंबलेलं पाणी एकदम खेचलं जावं
तसा आवाज,
आणि हे कूस बदलतात.

सकाळी म्हणतात, झोप छान झाली गं,
आणि पेपर हातात धरूनच
चहावर मान टाकतात.

मिरजेच्या डॉक्टरांनी मशीन दाखवलं,
नळी, नाकावर मुखवटा.
हे म्हणाले, बघू.
एकतीस वर्षांत मला कळलंय
बघू म्हणजे काय.
मग तिथल्याच तबस्सुम मुजावर नावाच्या पोरीनं
ह्यांना समोर बसवून जीभ बाहेर काढायला लावली.
काका, घसा आळशी झालाय, कामाला लावू.
मशीनचं मी सोडणार नाही हां, परत विचारीन.

जीभ टाळ्याला चिकटवा, मागं ओढा. वीसदा.
गाल आत. चमचा ओठांत.
आ म्हणा, लांबवा. आता ई.
महापुराचे आकडे सालासकट तोंडपाठ असलेला माणूस
आरशासमोर
पहिलीच्या पाटीवर येऊन बसलाय.

आणि शंख.
देवघरातला वाजत नाही, त्याचं टोक शाबूत.
फुंकायचा गणपती पेठेतून आणला,
घासाघीस करून.
आठवडाभर नुसती हवा, लाल कान.
मग एका संध्याकाळी
गोठ्यात म्हैस अडल्यासारखा सूर.
खालच्या कोष्टीकाकू जिन्यात विचारतात,
रोज कसली हो आरती?
घशाची, मी म्हणते.

पंचेचाळीस. चाळीस. बेचाळीस.
एकतीस.
भाचीच्या लग्नाहून आलो त्या रात्री अठ्ठेचाळीस,
मी भांडले, सकाळी, कारण न सांगता.
पाणी असंच उतरतं, हे म्हणाले,
इंचाइंचानं. वरून सोडलं की परत चढतं.
त्यांना वाटलं मी नदीचं विचारतेय.

मी वही उशीखाली ठेवते.
त्यांना माहीत नाही, असं मला वाटायचं.

आज उठले तर ऊन खिडकीत आलेलं.
शंख गॅलरीत वाजत होता, बऱ्यापैकी.
रात्रीचं पान मी लिहिलेलंच नव्हतं,
डोळा कधी लागला कोण जाणे.
पान तरी भरलेलं,
त्यांच्या सरकारी, उजवीकडं झुकणाऱ्या अक्षरात:

३.०० जाग आली. ही घोरते आहे.
४.०० घोरते आहे.
५.०० पातळी स्थिर.